नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

घरातले लाइट गेले की आपल्याकडे कुणी आधी मेन स्विचकडे धावत नाही. आधी गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगकडे बघायचं, मग जिन्यात डोकावून विचारायचं, "तुमचेपण गेलेत का हो?" "हो" आलं की माणूस निवांत होऊन मेणबत्ती शोधतो. "नाही" आलं की फ्यूज बघतो. आणि एकाच खोलीतले गेले असतील तर फ्यूजलाही हात लावत नाही, थेट स्विच नाहीतर बल्ब. ही तपासणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिला पद्धत म्हणावं असंही कुणाला वाटत नाही. पण तोच माणूस लॅपटॉपवर नेट चालेनासं झालं की पहिल्या मिनिटाला राउटर बंद-चालू करतो, दुसऱ्या मिनिटाला लॅपटॉप, आणि तिसऱ्या मिनिटाला केबलवाल्याला फोन लावून सांगतो, "नेट गेलंय."

या दोन शब्दांत बरेच वेगवेगळे बिघाड एकाच गाठोड्यात बांधलेले असतात. लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड, त्याला चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर, कार्डापासून स्क्रीनपर्यंत जाणारी अँटेनाची तार, मधली हवा, राउटर, बाहेरून आलेली फायबर, नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस, आणि सगळ्यात शेवटी ती वेबसाइट. यातलं काहीही बिघडलं तरी समोर दिसतं तेच: न उघडणारं पान. राउटर बंद-चालू करून कधीकधी चालू होतं, हे खरं. पण मग काय बिघडलं होतं ते कळत नाही, आणि परवा पुन्हा तेच.

म्हणून गॅलरीत जाऊन बघण्याची सवय इथेही लावावी. त्याच वायफायवर घरातला एखादा फोन जोडायचा, त्याचा मोबाइल डेटा बंद करायचा आणि एखादं पान उघडून बघायचं. डेटा बंद करणं महत्त्वाचं, कारण वायफायवर नेट नसलं की बरेच फोन न सांगता मोबाइलच्या नेटवर सरकतात आणि सगळं ठीक असल्याचा आव आणतात. फोनवरही पान उघडलं नाही तर लॅपटॉपला दोष देण्यात अर्थ नाही. फोनवर उघडलं आणि लॅपटॉपवर नाही, तर बल्ब गेलाय, फ्यूज नव्हे.

फोनही अडला असेल तर भिंतीवरच्या डब्याकडे बघावं. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशच पोचत नाही. फायबर कुठेतरी तुटली आहे, दाराच्या फटीत चेंगरली आहे किंवा शू-रॅक सरकवताना काटकोनात वाकली आहे. ही तार तांब्याची नसून काचेची आहे, हे फर्निचर हलवताना कुणाच्या लक्षात राहत नाही. डब्याच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएम या मापात दिसते. घरगुती फायबरच्या नेहमीच्या, जीपॉन पद्धतीच्या जोडणीत ती उणे ८ ते उणे २७ च्या आत हवी. उणे २७ च्या काठावर असेल तर नेट येत-जात राहतं, आणि लाल दिवा प्रत्येक वेळी लागेलच असं नाही. हा आकडा सांगून तक्रार केली की समोरच्या माणसाचा आवाज बदलतो, एवढा त्याचा उपयोग नक्की आहे.

आता फोन चालतोय आणि लॅपटॉप नाही, असं धरू. विंडोजमधला कमांड प्रॉम्प्ट उघडायचा. ती काळी खिडकी बघून घाबरण्यासारखं काही नाही, तिच्यात तीन-चार ओळी टाइप करायच्या आहेत आणि त्यातल्या एकीनेही काही बिघडत नाही. पहिली ओळ आयपीकॉन्फिग (ipconfig). उत्तरात वायफायच्या खाली 'आयपीव्ही४ अॅड्रेस' आणि 'डिफॉल्ट गेटवे' बघायचे. पत्ता १९२.१६८ने सुरू होत असेल तर राउटरने लॅपटॉपला दारात घेतलंय. काही राउटर १०ने सुरू होणारा पत्ता देतात, तोही चालतो. पण १६९.२५४ने सुरू झाला तर दारावर थाप मारली, आतून कुणी ओ दिली नाही, म्हणून विंडोजने स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन टाकला आहे. त्या पत्त्यावर बाहेरचं काहीच चालत नाही. तेव्हा आयपीकॉन्फिगपुढे जागा सोडून तिरकी रेघ आणि 'रिलीज' लिहायचं (ipconfig /release), मग तसंच 'रिन्यू' (ipconfig /renew). तरीही १६९च आला तर राउटरच्या वाटपातले पत्ते संपलेत का किंवा त्याच्यात ठरावीक उपकरणांनाच आत घेण्याची यादी लावली आहे का, हे बघावं. अशी यादी उपकरणाच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे त्याच्या कार्डाच्या मूळ ओळखक्रमांकावर चालते. विंडोजमधलं 'रँडम हार्डवेअर अॅड्रेसेस' चालू असेल तर लॅपटॉप खरा मॅक पत्ता लपवून बनावट पत्त्याने दार ठोठावतो आणि यादीतला असूनही बाहेर राहतो.

पत्ता बरोबर असेल तर तीन पिंग, म्हणजे 'ping' लिहून पुढे पत्ता द्यायचा आणि हाकेला उत्तर येतं का ते बघायचं. पहिला गेटवेला, म्हणजे राउटरला, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ ला. दुसरा बाहेरच्या ८.८.८.८ ला, तो गूगलचा पत्ता. तिसरा एखाद्या वेबसाइटच्या नावाला. पहिलाच अडला तर भांडण लॅपटॉप आणि राउटर यांच्यातलं आहे, बाहेरच्या कुणाचा त्यात संबंध नाही. पहिला गेला, दुसरा अडला, तर राउटरच्या पलीकडे. पहिले दोन गेले आणि तिसराच अडला, तर रस्ता मोकळा आहे, पत्ता सांगणारा झोपलाय. म्हणजे डीएनएस. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ आणि १.१.१.१ असा घालायचा, आयपीकॉन्फिगपुढे तशीच तिरकी रेघ देऊन 'फ्लशडीएनएस' चालवायचं (ipconfig /flushdns), काम झालं. या तिसऱ्या प्रकारात माणसं लॅपटॉप फॉरमॅट करून आणतात, हे पाहून वाईट वाटतं.

पहिल्या पिंगकडे जरा जास्त वेळ बघावं. पिंगच्या शेवटी 'वजा टी' (-t) लावलं की तो थांबवेपर्यंत चालत राहतो, थांबवायला कंट्रोल आणि सी. राउटर शेजारच्या खोलीत असेल तर उत्तर १ ते ५ मिलिसेकंदांत यायला हवं. ते २, ३, २, १८०, २, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', ४, ३५० असं उड्या मारत येत असेल तर जोडणी तुटलेली नाही, पण मधली हवा गढूळ आहे. व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस मधेच यंत्रमानवासारखा बोलतो तो याच उड्यांमुळे. स्पीड टेस्ट मात्र तेव्हाही झकास आकडा दाखवते, कारण ती सरासरी सांगते आणि बोलणं सरासरीवर चालत नाही.

'कनेक्टेड, नो इंटरनेट' ही सूचनाही एकदा समजून घेण्यासारखी आहे. विंडोज जोडणी झाल्याबरोबर मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून एक छोटी मजकुराची फाइल मागवतं. अपेक्षित शब्द मिळाले तर नेट आहे, नाहीतर नाही. म्हणजे ही सूचना एका साध्या परीक्षेचा निकाल आहे आणि परीक्षा कधीकधी चुकते. स्टेशनवरच्या मोफत वायफायमध्ये मध्ये एक दारवान असतो. मुंबई सेंट्रलला २०१६च्या जानेवारीत हे वायफाय सुरू झालं तेव्हापासून आपण त्या दारवानाला मोबाइल नंबर आणि ओटीपी देत आलो आहोत. त्याचं पान उघडतच नसेल तर व्हीपीएन बंद करावं, हाताने घातलेला डीएनएस काढावा आणि कुलपाचं चिन्ह नसलेली एखादी साधी एचटीटीपी वेबसाइट उघडावी. सुरक्षित पानाला दारवान अडवू शकतो, पण त्याच्या जागी स्वतःचं पान दाखवू शकत नाही.

हवेकडे येऊ. वायफायचे बहुतेक बिघाड खरं म्हणजे इथेच असतात, आणि इथेच कुणी बघत नाही, कारण बघण्यासारखं काही नसतं.

वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. ५ गिगाहर्ट्झची पाच ते सहा. राउटरमधून निघालेली लहर लॅपटॉपपर्यंत एकाच वाटेने येत नाही. एक सरळ येते, एक स्लॅबवर आपटून, एक आरशावरून, एक फ्रिजच्या पाठीवरून. काही ठिकाणी त्या एकमेकींत मिसळून जोर धरतात, काही ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात. अशा दोन जागांमधलं अंतर लांबीच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे सहाएक सेंटिमीटर, असू शकतं. लॅपटॉप टेबलावर तीन-चार बोटं सरकवला आणि अडकलेला कॉल मोकळा झाला, तर त्यात योगायोग किंवा श्रद्धा काही नाही. तो खड्ड्यात होता, उंचवट्यावर आला.

रेंजच्या त्या तीन-चार कमानी मात्र फसव्या असतात. विंडोजकडून आकडा मागवावा: नेटश, डब्ल्यूलॅन, शो, इंटरफेसेस या चार शब्दांची ओळ (netsh wlan show interfaces). नव्या विंडोज ११मध्ये यासाठी लोकेशनची परवानगी चालू असावी लागते, नाहीतर ती ओळ नकार देते. उत्तरात सिग्नल टक्क्यांत मिळतो. टक्क्यांचं निम्मं करून त्यातून १०० वजा केले की डीबीएम. म्हणजे ६६ टक्के म्हणजे उणे ६७. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ पर्यंत चालतं, उणे ७५ ला रडगाणं सुरू होतं, उणे ८५ ला जोडणी नावापुरती. हे मोजमाप चढत्या-उतरत्या गुणाकाराचं आहे: ३ ने घसरलं की ताकद निम्मी, १० ने घसरलं की दहावा हिस्सा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ जातात. घरात मात्र अंतरापेक्षा भिंती जास्त खातात. आतली चार इंची विटांची भिंत त्यातल्या त्यात सोसवते. आरसीसीच्या कॉलममधल्या आणि स्लॅबमधल्या सळ्या फार त्रास देतात, आणि कोकण-गोव्याकडच्या जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झची अपेक्षाच ठेवू नये, पावसाळ्यात दगड पाणी प्यायलेला असताना तर नाहीच. लोखंडी कपाट, आरशाचं ड्रेसिंग टेबल, पाण्याची टाकी आणि मोठं ॲक्वेरियम यांच्या मागे राउटर ठेवणं म्हणजे खिडकीला आतून पत्रा ठोकणं.

आता राउटर कुठे असतो? फायबरवाल्याला जिथून तार आत घेणं सोपं गेलं तिथे. म्हणजे मुख्य दाराजवळ, चपलांच्या कपाटावर, विजेच्या मीटरच्या डब्याखाली, किंवा टीव्हीच्या मागे. घराच्या एका टोकाला. निम्मा सिग्नल जिन्याला आणि शेजाऱ्यांना. वायफायची सर्वांत परिणामकारक दुरुस्ती म्हणजे तो डबा घराच्या मध्याशी, छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर, मोकळ्यात आणणं. फायबर लांबवता आली नाही तर डब्यातून दहा-पंधरा मीटरची कॅट-६ केबल हॉलपर्यंत ओढून तिथे वायफाय पसरवणारा दुसरा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, लावावा. भिंतीवर पांढरी पट्टी दिसते, घरात थोडी कुरकुर होते, पण काम चोख होतं. प्लगमध्ये खोचायचे स्वस्त एक्स्टेंडर त्यामानाने फसवे. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्याच रेडिओवर पुढे सांगायचं असल्याने वेग साधारण निम्म्यावर येतो, आणि माणसं तो हमखास जिथे सिग्नल मेलाय तिथेच खोचतात. मेलेला सिग्नल पुढे पाठवून काय होणार? लावायचाच तर जिथे अजून उणे ६५ च्या आसपास मिळतंय अशा अध्येमध्ये.

वायफायच्या बोलण्याची रीतही मजेशीर आहे. बोलण्याआधी ऐकायचं. हवा शांत असेल तर ठरलेला थोडा वेळ थांबायचं, मग ० ते १५ मधली एक यादृच्छिक संख्या मनात धरून तितके क्षण मोजायचे, मग बोलायचं. नव्या पद्धतींमध्ये असा एक क्षण ९ मायक्रोसेकंदांचा. दोघं एकदम बोलले आणि गोंधळ झाला तर पुढच्या खेपेला ० ते ३१ मधली संख्या, मग ६३, असं वाढत १०२३ पर्यंत. इतक्या शिस्तीने आपल्या सोसायटीच्या सभेत कुणी बोलत नाही. पण शिस्त कितीही असली तरी माणसं जास्त झाली की प्रत्येकाची पाळी उशिराच येणार, आणि एकाच चॅनेलवरचे, म्हणजे पट्ट्यातल्या एकाच कप्प्यातले, शेजारपाजारचे सगळे राउटर याच सभेत बसलेले असतात. पासवर्ड वेगळा असला तरी हवा एकच. २.४ मध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न सांडणारे तीनच: १, ६ आणि ११. बिल्डिंगमध्ये वीस राउटर असतील तर त्यांनी हे तीन वाटून घ्यावेत. कुणीतरी शहाणपणा करून ३ किंवा ८ निवडतो तेव्हा तो दोन्ही बाजूंच्या सभा बिघडवतो. चॅनेलची रुंदी २.४ मध्ये २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० वर ठेवली की कागदावर वेग दुप्पट होतो आणि दाटीवाटीच्या वस्तीत प्रत्यक्षात घटतो.

चॅनेल १२ किंवा १३ निवडण्यात आणखी एक खाच आहे. काही लॅपटॉपची कार्डं अमेरिकेच्या नियमांवर लावलेली असतात, त्यांना हे दोन चॅनेल दिसतच नाहीत. "फोनला आपलं वायफाय दिसतं, लॅपटॉपला यादीतसुद्धा नाही" ही तक्रार आली की आधी राउटरचा चॅनेल बघावा. दुसरं कारण याहून साधं: कार्ड फक्त २.४ चं आणि वायफायचं ते नाव ५ चं. नेटश, डब्ल्यूलॅन, शो, ड्रायव्हर्स (netsh wlan show drivers) ही ओळ चालवून 'रेडिओ टाइप्स सपोर्टेड' वाचावं. तिथे ८०२.११ च्या पुढे नुसते बी, जी, एन असतील आणि ए किंवा एसी नसेल तर तो लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झला आंधळा आहे. दुकानात स्वस्तात मिळालेल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपमध्येही असं कार्ड निघू शकतं. पासवर्ड अचूक असूनही जोडणी नाकारली जात असेल तर राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या कुलपाच्या नव्या पद्धतीवर लावलेला असण्याची शक्यता असते. ही पद्धत २०१८ची, त्याआधीच्या बऱ्याच कार्डांना ती येत नाही. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र असा पर्याय निवडला की सुटतं.

५ गिगाहर्ट्झवर दाटी कमी, पण तिथे रडार आहे. चॅनेल ५२ ते १४४ हे हवामानाच्या आणि इतर रडारांच्या शेजारचे, म्हणून बऱ्याच राउटरमध्ये नियम घातलेला असतो: या चॅनेलवर जाण्याआधी किमान ६० सेकंद ऐकायचं आणि रडारचा कानोसा लागला की तिथून निघून जायचं. लक्षण असं की ५ चं नाव अचानक गायब होतं, मिनिटभराने परत येतं, आणि लॅपटॉपमध्ये काहीच सापडत नाही. राउटरला ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला चॅनेल हाताने ठरवून द्यावा. 'ऑटो' ही सोय आळशांसाठी ठीक आहे.

स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि २.४ च्या वायफायला त्रास देतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामानाने अज्ञात राहिलेला गुन्हेगार टेबलावरच असतो: यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब. इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय की यूएसबी ३ च्या वेगवान देवाणघेवाणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सांडतो. डिस्क लॅपटॉपच्या बिजागरीजवळ, अँटेनाला खेटून ठेवलेली, केबल स्वस्तातली, आणि बॅकअप चालू केला की वायफाय मान टाकतं, शिवाय वायरलेस माउस अडखळायला लागतो. माउसचं अडखळणं ही मोठी खूण. डिस्क लांब केबलने हातभर दूर ठेवावी किंवा ५ वर जावं. ब्लूटूथचे हेडफोनही याच पट्ट्यात सेकंदाला १६०० उड्या मारत असतात, पण ते व्यापलेली जागा ओळखून टाळतात, त्यामुळे सहसा निभतं.

हवा स्वच्छ निघाली की मग लॅपटॉप. इथे सगळ्यांत आधी क्षुल्लक गोष्ट: एअरप्लेन मोड. फंक्शनच्या ओळीतली विमानाचं चित्र असलेली कळ कीबोर्ड पुसताना दाबली जाते. जुन्या लॅपटॉपना पुढच्या कडेला एक सरकता खटका असे, तो बॅगेतून काढताना सरके. त्यानंतर विंडोजचा एक खोटेपणा. 'शटडाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर त्याचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच, कालच्या अडकलेल्या ड्रायव्हरसकट, उठवला जातो. म्हणून अशा वेळी शटडाउन करून चालू करू नये, 'रीस्टार्ट' करावं. रीस्टार्टनेही कार्ड जागं झालं नाही तर पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरावं. कार्डातला छोटा संगणक अडकलेला असतो आणि नुसत्या रीस्टार्टमध्ये त्याचा वीजपुरवठा तुटतोच असं नाही, तो असा तुटतो. ज्यांची बॅटरी निघते त्यांनी ती काढून हेच करावं.

चार्जर लावलेला असताना ठीक आणि बॅटरीवर आलं की नेट तुटतं, अशी तक्रार असेल तर दोष बचतीचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अॅडाप्टर्सखाली वायफायच्या कार्डावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, आणि 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाच्या ओळीपुढची बरोबरची खूण काढून टाकायची. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा कप्पाच दिसत नाही. तिथे शेजारच्या 'अॅडव्हान्स्ड' कप्प्यात बघावं. तिथेच 'प्रेफर्ड बँड' ५ ला आणि 'रोमिंग अॅग्रेसिव्हनेस' गरजेनुसार ठेवता येतं. दोन ॲक्सेस पॉइंट असलेल्या घरात लॅपटॉप बेडरूममध्ये नेला तरी हॉलमधल्याच पॉइंटला चिकटून राहतो, ते या दुसऱ्या सेटिंगमुळे. कुठे जायचं ते राउटर ठरवत नाही, लॅपटॉप ठरवतो, आणि लॅपटॉप स्वभावाने जुनी ओळख सोडायला तयार नसतात.

अपडेटनंतर बिघडलं असेल तर त्याच खिडकीत 'ड्रायव्हर' या कप्प्यात 'रोल बॅक' आहे. ते बटण फिकं असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यायचा. नेट नसताना नेटवरून कसा घ्यायचा? फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करायचं. 'नेटवर्क रिसेट' हा सगळ्यात शेवटचा उपाय. लोक तो सगळ्यात आधी करतात, आणि मग साठवलेले सगळे पासवर्ड आणि ऑफिसच्या व्हीपीएनची जोडणी पुसली गेल्यावर हळहळतात. त्याआधी नेटश, डब्ल्यूलॅन, शो, डब्ल्यूलॅनरिपोर्ट (netsh wlan show wlanreport) एवढं चालवावं. गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी तुटलं आणि प्रत्येक वेळी का तुटलं, याचा तक्ताच मिळतो. तुटण्याच्या वेळा दर वेळी लॅपटॉप झोपेतून उठल्यानंतरच्या असतील तर बचत किंवा ड्रायव्हर. दुपारी एक आणि रात्री साडेआठच्या आसपासच्या असतील तर स्वयंपाकघरात जाऊन या.

आणि मग खरोखरचं हार्डवेअर. राउटरच्या शेजारी बसलं की रेंज पूर्ण, दाराच्या पलीकडे गेलं की शून्य, आणि त्याच जागी फोन मजेत चालतो: हे लक्षण जवळजवळ नेहमी अँटेनाचं असतं. खालचं झाकण उघडलं की साधारण २२ बाय ३० मिलिमीटरचं कार्ड दिसतं, आगपेटीहून लहान. त्याच्यावर दोन बारीक तारा गोल टोप्यांनी दाबून बसवलेल्या असतात, बहुधा एक काळी आणि एक पांढरी. दुरुस्ती करून आलेल्या लॅपटॉपमध्ये यातली एक टोपी निसटलेली सापडणं फार नेहमीचं. एकाच तारेवर कार्ड चालतं, म्हणून कुणाला संशय येत नाही, पण रेंज आणि वेग दोन्ही पडतात. बसवताना आधी बॅटरीचा जोड काढायचा, मगच हात लावायचा. टोपी खुंटीच्या बरोबर वर धरून अंगठ्याने सरळ खाली दाबायची, बारीक 'टक्' होतं. तिरकी दाबली की खुंटी चेपते आणि कार्ड वाया. काढतानाही नखाने सरळ वर, तार धरून ओढायची नाही. या टोप्या वारंवार काढघाल करण्यासाठी केलेल्याच नाहीत. दमट हवेत कार्डाच्या सोनेरी दातांवर चढलेला थर काढायला दुरुस्तीवाले खोडरबर घासतात. चालतं, पण मुलामाही त्याबरोबर जातो. त्याऐवजी धागे न सोडणारं फडकं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं.

त्याच तारा पुढे बिजागरीतून स्क्रीनच्या कडेला जातात. हजारो वेळा उघडझाप झाल्यावर त्या आतून झिजतात. तपासायची रीत सोपी: पिंग 'वजा टी' चालू ठेवून झाकण हळूहळू मागेपुढे करायचं. ठरावीक कोनात उत्तरं थांबली तर गुन्हेगार सापडला. दर वर्षी ड्रायव्हर बदलून हा बिघाड जाणार नाही.

कार्डच बदलायचं तर एक सावधगिरी. इंटेलच्या एएक्स२०१ आणि एएक्स२११ या कार्डांचा अर्धा मेंदू इंटेलच्याच प्रोसेसरमध्ये असतो. ती एएमडीच्या लॅपटॉपमध्ये खाचेत नीट बसतात आणि तरीही कधीच चालत नाहीत. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही पूर्ण कार्डं आहेत, ती दोन्हीकडे चालतात. नाव एका आकड्याने इकडचं तिकडे, आणि विकणाऱ्यालाही हा फरक ठाऊक असेलच असं नाही. फार जुन्या काही लॅपटॉपमध्ये बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, मान्य कार्डांची यादी असते, परकं कार्ड दिसलं की ते सुरूच व्हायला नकार देतात. अशा लॅपटॉपला दोन्ही पट्ट्यांवर चालणारा यूएसबी डोंगल लावून मोकळं व्हावं.

एक प्रकार उरला, तो या कुठल्याच कप्प्यात बसत नाही. वायफाय जोडलेलं, पत्ता बरोबर, तिन्ही पिंग व्यवस्थित, आणि तरी एकही पान उघडत नाही, ब्राउझर म्हणतो जोडणी सुरक्षित नाही. अशा वेळी उजव्या खालच्या कोपऱ्यातली तारीख वाचावी. जुन्या लॅपटॉपमध्ये सीआर२०३२ नावाची नाण्याएवढी बॅटरी घड्याळ चालू ठेवते. ती संपली आणि मुख्य बॅटरीही पूर्ण उतरली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. प्रत्येक सुरक्षित वेबसाइट आपलं प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. लॅपटॉपच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. फरक इतका मोठा असला की विंडोज स्वतःहून घड्याळ लावायलाही बऱ्याचदा धजावत नाही. सेल बदलून घ्यायचा, पण त्याआधी तारखेवर उजवी क्लिक करून आपोआपचा पर्याय बंद करायचा, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून तारीख आणि वेळ हाताने घालायची, टाइम झोनच्या लांबलचक यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी ओळ शोधून निवडायची, आणि पान पुन्हा उघडायचं.